सही की अंगठा

कोकणातल्या एका ओहोटीच्या बेटावर बंद पडलेलं दीपगृह आहे. ते पर्यटकांसाठी उघडायचं घाटतंय, म्हणून त्याची मोजमापं, रेखाटनं आणि आतल्या सामानाची यादी करायचं काम आमच्याकडे आलं. बेटाचं नाव लिहीत नाही. फाइल अजून बंद झालेली नाही, आणि ती बंद होत नाही म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

ओहोटीचं बेट म्हणजे काय, हे अलिबागचा कुलाबा पाहिलेल्यांना सांगायला नको. सकाळी गुडघाभर पाण्यातून किंवा कोरड्या वाळूवरून चालत जायचं आणि वेळ चुकली की तटावर बसून पुढच्या ओहोटीची वाट बघायची. १६८० साली शिवाजी महाराजांनी त्या किल्ल्याचं काम सुरू करवलं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी तो हाती लागला नाही. मुंबईचं कुलाबाही १८३८ साली कॉजवे होईपर्यंत असंच होतं. भरतीत ओलांडायला जाऊन माणसं बुडत. त्याच कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर थॉमस ऑर्मिस्टननं बांधलेलं १८७५ सालचं प्राँग्ज दीपगृह अजून उभं आहे, चालू आहे, आणि ओहोटीला तिथे पायी जाता येतं. आमचं बेट या सगळ्यांचा गरीब भाऊबंद. किल्ला नाही, लढाई नाही. खडक, करवंदीच्या जाळ्या, एक विहीर आणि मनोरा.

पहिली फेरी वाया गेली. कार्यालयानं तारीख कळवली ती अष्टमीची. कारण काय, तर त्या दिवशी ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, म्हणजे साहेबांना जेवायच्या वेळेत परत येता येईल. किनाऱ्यावरच्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणून बाराला ओहोटी. इथपर्यंत कार्यालयाचं गणित बरोबर होतं. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो. भांगाचं पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. भर बाराला मांडीपर्यंत पाणी होतं आणि मधल्या खळग्यात ते किती असेल ते बघायची कोणाची इच्छा नव्हती. पायी पार व्हायचं तर उधाणाच्या जवळची तिथी लागते, आणि तेव्हा ओहोटी सकाळी लवकर नाही तर संध्याकाळी. साहेबांना दोन्ही वेळा गैरसोयीच्या. पत्रात दीपगृहांचा कायदाही १९२७चाच लिहिला होता. तो जाऊन २०२१ साली नवा आला, आणि जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून जाहीर करायची तरतूद त्या नव्यातच आहे. असो.

दुसरी फेरी वद्य तृतीयेला. तीन पाऊणे सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठच्या सुमाराला ओहोटी. साडेसहाला वाळू उघडी पडली. साहेब आले नाहीत. मी, माझा सहकारी, पाऱ्याची वाफ मोजायचं यंत्र घेऊन आलेला एक तरुण, आणि काका.

काका गावातलेच. १९७१ साली तेविसाव्या वर्षी ते दीपगृहावर अटेंडंट म्हणून लागले. कीपर दोन-तीन वर्षांनी बदलून जात, काका राहिले. १९९०मध्ये दिवा बंद होऊन समोरच्या टेकडीवर नव्या दिव्याचा लोखंडी सांगाडा उभा राहिला तोवर. वाटेत मी त्यांचं निवृत्तिवेतन नीट मिळतं का विचारलं. हसून म्हणाले, "मिळतं. पण बँकेत सही जुळत नाही ताई, म्हणून अंगठा करतो." मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. पायाखालची वाळू कुठे घट्ट आहे ते त्यांना न बघता कळत होतं, आणि मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकण्यात गुंतले होते.

मनोऱ्याबद्दल लिहायला लागले तर थांबणार नाही, म्हणून फक्त वरच्या काचघराबद्दल. आत तिसऱ्या वर्गाचं भिंग आहे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पद्धतीत भिंगाचे वर्ग ज्योतीपासूनच्या अंतरावर ठरतात. पहिला वर्ग ९२० मिलिमीटर, तिसरा ५००. चार फलकांचं, काचेच्या कड्याकड्यांनी बनवलेलं, पितळेच्या चौकटीत बसवलेलं. एका कड्याचा टवका उडालाय, बाकी शाबूत. माझ्या आजवरच्या कामात याहून देखणी वस्तू मी यादीत लिहिलेली नाही, आणि यादीत तिच्यासाठी जागा होती एक ओळ : 'काचसामान, नग १'.

टन-दीड टनाचं हे धूड चाळीस सेकंदांत एक फेरा मारायचं, म्हणून समुद्रावरून दर दहा सेकंदांना एक झळक दिसे. कुठे झळक किती सेकंदांनी येते, ते बघून खलाशी दिवा ओळखतो. फेरा सावकाश झाला तर तो दुसराच दिवा होतो, आणि चुकीचा दिवा हा नसलेल्या दिव्यापेक्षा वाईट. पूर्वी अशी भिंगं चाकांवर फिरत, जड आणि मंद. १८९०च्या सुमाराला फ्रान्सच्या बूर्देल नावाच्या इंजिनिअरनं भिंग पाऱ्यावर तरंगवलं. लोखंडी गोल पन्हळीत थोडा पारा, त्यात भिंगाचा तळ. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, म्हणून थोडक्यात भागतं. मग एवढं वजन घड्याळासारख्या यंत्रावर फिरतं, आणि यंत्र बिघडलं तर बोटानं.

"बोटानं?" माझ्या सहकाऱ्यानं विचारलं.

काकांनी हातातली काठी भिंतीला टेकवली, पितळी चौकटीला तर्जनी लावली आणि ढकललं. पस्तीस वर्षं बंद असलेलं भिंग कुरकुरलं आणि हललं. ते तोंडानं मोजत होते. एका पावसाळ्यात यंत्राची तार तुटली होती. समुद्र खवळलेला, गावातून कोणी येणं शक्य नाही. दोघांनी आळीपाळीनं तीन रात्री भिंग बोटानं फिरवलं, मोजत. "झळक चुकली नाही," ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याच वेळी यंत्रवाल्या मुलानं मागून हळूच सांगितलं, की आकडा वर आहे, सगळ्यांनी मास्क चढवा आणि दहा मिनिटांत खाली चला. काकांनी मास्क हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि खिशात ठेवला.

पारा दर काही महिन्यांनी काढून साफ करावा लागे, नाहीतर वर मळ धरतो आणि भिंग जड होतं. हे काम अटेंडंटचं. पन्हळीतून पारा काढायचा, मऊ कातड्यात घेऊन पिळायचा. मळ कातड्यात राहतो, पारा थेंबाथेंबानं खाली. हातमोजे? काका म्हणाले, मोज्यांनी पिळ कसा कळणार. सांडलेले मणी ते खेळायच्या पत्त्यानं गोळा करत. जे सांडले ते गेले दगडांच्या फटींत. पावसाळ्यात वाऱ्यापावसामुळे वरची हवाखिडकी महिनोन्‌महिने बंद, आणि झोपायची खोली काचघराच्या बरोबर खाली. दिवसा पडदे लावायचे, कारण भिंगातून ऊन एकवटलं की लाकूड जळतं. पडदे कुजले तेव्हापासून दुपारी वर भट्टी होते, आणि ऊन तापलं की पारा जास्त उडतो.

साठा नोंदवहीत पारा ६८ किलो. म्हणजे जेमतेम पाच लिटर. पन्हळीतली खोली मोजून आमचा हिशेब आला तीन लिटरचा, ४१ किलो. तूट २७ किलो.

सव्वानऊला आम्ही खालच्या खोलीत होतो. कपाटात दिव्याच्या नोंदवह्या सापडल्या. वाळवीनं निम्म्या खाल्लेल्या, उरलेल्या स्वच्छ. दिवा लावल्याची वेळ, विझवल्याची वेळ, वारा, रॉकेल, फेऱ्याचे सेकंद, आणि पहाऱ्यावर असलेल्याची सही. मी पानांचे फोटो काढत होते. १९७१ची काकांची सही तिरप्या वळणाची, शेवटच्या अक्षराखाली एक ऐटदार रेघ. १९७८मध्येही तीच. १९८६ला मी कॅमेरा खाली ठेवला. अक्षरांच्या कडांना बारीक दाते पडले होते, करवतीसारखे. खालची रेघ नव्हती. त्या वर्षी काका अडतीस वर्षांचे होते.

पाणी भरायच्या आत निघायचं होतं, म्हणून पंचनामा तिथेच केला. साक्षीदार म्हणून काकांचं नाव होतं. त्यांनी पेन घेतलं, उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरलं आणि विचारलं, "सही की अंगठा?"

शाईचा पॅड पिशवीत होता. मी म्हणाले, "सही करा काका." का म्हणाले ते अजून सांगता येत नाही. कदाचित फक्त मला ती बघायची होती, आणि तसं असेल तर ते चांगलं नव्हतं. त्यांना बराच वेळ लागला. शेवटी त्यांनी रेघही ओढली.

परतताना पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. काका चपला हातात घेऊन पुढे चालत होते, आणि मुलाचा पाय घसरला तेव्हा त्याला सावरलं तेही त्यांनीच.

मी डॉक्टर नाही. हात थरथरायची कारणं दहा असतात. पाऱ्याच्या वाफेनं हात कापतात हे जुनं ज्ञान आहे, टोप्या बनवताना पारा वापरणाऱ्या कारागिरांपासूनचं. दीपगृहवाले एकटेपणानं चक्रम होतात या जुन्या समजुतीमागेही काही जण पाऱ्याकडे बोट दाखवतात. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार २०१७पासून लागू आहे, आपणही त्यात आहोत, आणि त्यामुळे त्या ४१ किलोंची विल्हेवाट आता अगदी काळजीनं लागेल. उरलेल्या २७ किलोंचं काय झालं याचा मला अंदाज आहे. बराचसा फटींत आणि हवेत. अहवालाला मी एक परिशिष्ट जोडलं. त्यात १९७१, १९७८, १९८६ आणि पंचनामा, अशा चार सह्या एकाखाली एक. खाली एक शब्दही लिहिला नाही. कार्यालयानं ते 'विषयाशी संबंध नाही' म्हणून काढायला लावलं. सहकाऱ्याचं म्हणणं, बरोबरच केलं, आपल्याला काम इमारतीचं दिलंय. तो चुकीचा आहे असंही मला म्हणता येत नाही. एखाद्या माणसाला न विचारता त्याच्या हाताचं प्रदर्शन मांडायचा अधिकार मला कोणी दिला होता?

गेल्या आठवड्यात एकाच टपालानं दोन पत्रं आली. पहिल्यात, पाऱ्याच्या २७ किलो तुटीचा खुलासा सात दिवसांत करावा. दुसऱ्यात, पंचनाम्यावरील साक्षीदाराची सही त्यांच्या सेवापुस्तकातील सहीशी जुळत नाही, तरी ओळख पटवून फेरसही अथवा अंगठा घ्यावा. दोन्ही पत्रांचे जावक क्रमांक लागोपाठचे आहेत, सही एकाच माणसाची.

पहिल्याचं उत्तर मी लिहिलंय, वापरातील घट म्हणून, नियमाप्रमाणे. दुसऱ्याचं लिहायचं तर आधी काकांकडे जावं लागेल, आणि त्यांना पत्र दाखवावं लागेल. काल त्यांचाच फोन आला होता. विचारत होते, भिंगाला पडदे लावले का.

नाही लावलेत. ती ओळ यादीत नाही.