डाव्या करंगळीचा कौल

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो. या कीबोर्डच्या छंदात सर्वांत जास्त हिणवला गेलेला स्विच कोणता, असे कोणी विचारले, तर मी चेरी या कंपनीच्या एमएक्स ब्राउनचे नाव घेईन. ‘वाळू भरलेला लाल स्विच’ अशी त्याची संभावना केली जाते. लाल स्विचमध्ये कळ दाबताना बोटाला जाणवणारा उंचवटा मुळीच नसतो आणि ब्राउनमधला उंचवटा इतका पुसट असतो, की त्याला उंचवटा न म्हणता नुसती खरखर म्हणावे, असा त्यामागचा आक्षेप आहे. हा मजकूर मी त्याच ब्राउन स्विचवर लिहिते आहे. नावाजलेल्या आणि महागड्या स्विचांच्या वाटेने बरेच अंतर चालून मी त्याच्याकडे परत आले, आणि त्यामागची कारणे मला नीट मांडायची आहेत.

माझ्या बोटांना पहिली सवय लागली ती टीव्हीएस गोल्डची. पुण्यात मामाच्या डीटीपीच्या दुकानात मी सुट्टीत टायपिंगला बसत असे, तेव्हा तिथे तोच कीबोर्ड होता. जुन्या टीव्हीएस गोल्डमध्ये चेरीचे निळे, टकटक वाजणारे स्विच असत. घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलिंग काउंटरवर आणि हिशेबाच्या कचेऱ्यांमध्येही तो सर्रास दिसे. मामाच्या लेखी त्यात हौसेचा भाग काहीच नव्हता. कीबोर्ड वर्षानुवर्षे टिकावा आणि अक्षर उमटले हे पडद्याकडे न पाहता बोटाला कळावे, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि ती आजही मला अत्यंत वाजवी वाटते.

चेरीच्या एमएक्स रचनेचे पेटंट २०१४च्या सुमारास संपले आणि गेटेरॉन, कैल यांसारख्या चिनी उत्पादकांना वाट मोकळी झाली. त्यानंतर स्विचांचा जो पूर आला, त्यात ‘होली पांडा’ची कथा मला विशेष बोलकी वाटते. पांडा नावाच्या एका स्विचचे आवरण आणि हॅलो नावाच्या दुसऱ्या स्विचची दांडी (कळेबरोबर खाली-वर होणारा भाग) एकत्र केली असता ठसठशीत, गोलाईदार उंचवटा मिळतो, हे हौशी लोकांना २०१८च्या आसपास गवसले. मग दोन प्रकारचे स्विच विकत घ्यायचे, दोन्ही उघडायचे आणि त्यांच्या भागांतून तिसराच स्विच जुळवायचा, असा उद्योग सुरू झाला. ही शोधक वृत्ती मला मनापासून आवडते. मात्र त्यातून एक समजूत रुजली, की उंचवटा जितका मोठा तितका स्विच उत्तम. ब्राउनची बदनामी वाढण्यात या समजुतीचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

मीही त्या घराण्यातले ६७ ग्रॅमच्या, म्हणजे दाबायला तेवढा जोर लागणाऱ्या, स्प्रिंगचे सत्तर स्विच मागवले. प्रत्येक स्विच उघडून, बारीक कुंचल्याने आवरणाच्या आतल्या कडांना वंगणाचा पातळ थर द्यायचा, दांडीच्या पायांना मात्र ते लागू द्यायचे नाही, कारण तिथे वंगण लागले की उंचवटा बोथट होतो. या कामात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या आणि त्या अतिशय सुखाच्या होत्या. जुळवलेला कीबोर्ड ऐकायला फार सुंदर होता. लाकडी पाटावर सुपारी पडावी तसा खोल, गोल आवाज त्यातून येई. पहिला आठवडा मी केवळ त्या आवाजासाठी टाइप करत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात भाषांतराचे एक मोठे काम आले, आणि चौथ्या दिवशी डावी करंगळी मुळापासून दुखू लागली. उजवी त्या मानाने बरी होती. हा फरक का पडावा, याचा विचार करताना मला उत्तर स्विचमध्ये सापडले नाही. ते माझ्या भाषेत आणि तिच्या कळफलकात सापडले.

मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर लिहिते. १९८६ साली प्रमाणित झालेल्या या मांडणीत स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. महाप्राण व्यंजने अल्पप्राणांच्याच कळांवर शिफ्टसह बसवलेली आहेत. क दाबताना शिफ्ट धरले की ख येतो, ग वर घ, त वर थ, प वर फ. ल आणि ळ यांचेही तसेच आहे, स आणि श यांचेही तसेच. ही सगळी व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे शिफ्ट धरायचे काम डाव्या करंगळीकडे येते. ‘फळझाडे’ हा एक साधा शब्द घ्या. त्याच्या सहा कळांपैकी फ, ळ आणि झ या तिन्हींना डावी करंगळी खाली दाबून धरावी लागते. इंग्रजीत शिफ्ट मुख्यतः वाक्याच्या आरंभी किंवा विशेषनामाला लागते; मराठीत ती शब्दाच्या पोटात लागते, आणि एकाच ओळीत पुन्हा पुन्हा लागते.

स्विचांची जी परीक्षणे मी वाचली आणि पाहिली, ती बहुतेक सगळी इंग्रजी टाइप करणाऱ्यांची होती. त्यांचे निष्कर्ष त्यांच्या हातांपुरते खरेच आहेत. शिवाय ध्वनिचित्रफितीत आपल्याला फक्त आवाज मिळतो, आणि तो आवाज एकट्या स्विचचा नसतो. त्यात कीबोर्डचे आवरण, आतली पट्टी, फोम, कीकॅपची (कळेवरच्या टोपीची) जाडी, टेबल आणि मायक्रोफोनचे अंतर हे सगळे मिसळलेले असते. तीस सेकंदांच्या आवाजावरून सहा तासांच्या श्रमांचा अंदाज बांधणे ही माझी चूक होती.

म्हणून मी ते स्विच काढून जुन्या कीबोर्डमधले ब्राउन त्यांच्या जागी बसवले. ब्राउनच्या उंचवट्याला साधारण ५५ ग्रॅम जोर लागतो. तो उंचवटा पुसट आहे हे मला मान्य आहे; परंतु जोडाक्षरांसाठी डाव्या मधल्या बोटाला सतत हलन्त दाबावा लागतो, आणि तिथे मला ठसठशीत अडथळ्यापेक्षा हलकीशी खूणच हवी असते. मामाच्या दुकानातला निकष लावला, तर अक्षर उमटल्याचे मला ब्राउनवर कळते.

करंगळीचा प्रश्न मात्र त्यानेही पूर्ण सुटला नाही. तेव्हा मला जपानी टोप्रे कंपनीच्या रिअलफोर्सची आठवण झाली. त्याच्या एका प्रकारात करंगळीच्या कळांना ३० ग्रॅम आणि बाकीच्या बहुतेक कळांना ४५ ग्रॅम असे वेगवेगळे वजन दिलेले असते. हौशी मंडळींत सर्व कळा सारख्या वजनाच्या असण्यालाच मान आहे, त्यामुळे या प्रकाराचे कौतुक माझ्या कानांवर क्वचितच आले. मी आधी डाव्या शिफ्टखालच्या स्विचमध्ये ३५ ग्रॅमची स्प्रिंग घातली. ती फसली, कारण रुंद कीकॅप आणि ती तिरकी होऊ न देणाऱ्या स्टॅबिलायझरची तार यांचे वजन पेलून वर यायला तिला उशीर लागे, आणि ‘थोडे’ लिहिताना थ च्या पाठोपाठ शिफ्टमधला ‘ओ’ उमटे. आता तिथे ४५ ग्रॅमची स्प्रिंग आहे आणि तारेवरचे जादा वंगण पुसून काढले आहे. कळ वेळेवर वर येते. या महिन्यात दोनशे पानांचे भाषांतर झाले आणि करंगळी दुखलेली नाही. ते सत्तर स्विच मी एका मित्राला दिले. तो दिवसभर इंग्रजीत प्रोग्रॅम लिहितो, आणि त्याला ते फार आवडले आहेत.