तीनदा, मग नळ बंद

एसटीत, लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्ये मला हा प्रश्न हमखास येतो : "भाभी, तुम्ही दिवसातून पाच वेळा नमाज पढता, तुमचं मन किती शांत असेल ना?" विचारणाऱ्या बायका बहुतेक वेळा स्वतः थकलेल्या असतात. कुणाची झोप उडालेली असते, कुणी घरातल्या आजारपणाने पिचलेली असते. म्हणून "हो, खूप" म्हणून सुटायला मला आवडत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. माझी सहा वर्षं अशी गेली, की अजान ऐकली की पोटात गोळा यायचा.

सुरुवात वजूपासून झाली. नमाजेआधी हात धुवायचे, चूळ भरायची, नाकात पाणी घ्यायचं, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग घोट्यापर्यंत पाय. दोन-तीन मिनिटांचं काम. मला चाळीस मिनिटं लागायला लागली. कोपराजवळ तिळाएवढी जागा कोरडी राहिली असेल तर? पुन्हा पहिल्यापासून. चूळ भरली होती की राहिली? पुन्हा. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, म्हणजे सुन्नींच्या चार पंथांपैकी एका पंथाचे. आमच्या फिकहप्रमाणे, म्हणजे धर्मनियमांप्रमाणे, नवऱ्याचा हात लागला तरी वजू जातो. चहा देताना यांचं बोट लागलं की काय, या धास्तीने मी त्यांच्या हातातून कप घेणंच सोडलं. कोकणात पाऊस कितीही पडो, मे महिन्यात विहिरी तळाला जातात. टँकरच्या पाण्याच्या दोन बादल्या मी एका वजूला ओतत होते आणि जाऊ दारात उभी राहून बघत होती. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या.

वजू संपला की नियत, म्हणजे नमाजेचा मनातला संकल्प. शाफईंमध्ये ती सुरुवातीची तकबीर, म्हणजे "अल्लाहु अकबर", म्हणतानाच मनात असावी लागते. मी "अल्लाहु अकबर" म्हणून हात बांधायचे आणि वाटायचं, नियत निसटली. पुन्हा हात कानापर्यंत. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेच्या, दोन रकाती, म्हणजे दोन आवर्तनं, होईपर्यंत सूर्य वर यायचा.

सगळ्यात वाईट म्हणजे हे आजारपण बाहेरून भक्तीसारखं दिसत होतं. "किती परहेजगार आहे," असं बायका म्हणायच्या. घरातल्यांना कळलं तेव्हा कुणी दम केलेलं, म्हणजे दुआ फुंकलेलं, पाणी आणलं, कुणी ताईत. एका नातेवाईकाने दूरच्या दर्ग्यावर काही महिने ठेवून यायचं सुचवलं, तेव्हा अम्मी आडवी आली. तिच्या डोक्यात एरवाडी होतं. तमिळनाडूतल्या त्या दर्ग्याच्या गावी 6 ऑगस्ट 2001 रोजी झोपडीला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण गेले. त्यांना पळता आलं नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधणं बंद केलं, पण अम्मीला कायद्याची गरज नव्हती. "माझ्या पोरीला बांधून ठेवणार?" एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरकडे जाणंही सोपं नव्हतं. आमच्याकडे "रत्नागिरीला न्या हिला" हे वाक्य मनोरुग्णालयामुळे शिवीसारखं वापरतात. शेवटी गेलो. डॉक्टरांनी तासभर ऐकलं आणि म्हणाले, "याला मराठीत फार जुना शब्द आहे. मंत्रचळ." इंग्रजीत ओसीडी. आम्ही त्याला वसवसा म्हणतो. एका आजाराला दोन नावं आणि मला वाटत होतं की जगात मी एकटीच.

गोळ्या सुरू झाल्या. सोबत एक कठीण अभ्यास : वजू एकदाच करायचा, शंका आली तरी परत फिरायचं नाही. जीव कासावीस होईल, होऊ द्यायचा, तो आपोआप उतरतो. मला रागच आला. यांना आमच्या दीनमधलं, धर्मातलं, काय कळतं? म्हणून मी इमामसाहेबांकडे गेले. डॉक्टरांना खोटं ठरवायलाच गेले होते म्हणा.

इमामसाहेबांनी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याची नोंद, सांगितली. पैगंबरांनी एका माणसाला प्रत्येक अवयव तीन-तीनदा धुऊन वजू दाखवला आणि म्हणाले, यापेक्षा जास्त करणाऱ्याने चूक केली, हद्द ओलांडली, जुलूम केला. स्वतः ते एका मुद्द पाण्यात वजू करायचे. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. माझ्या दोन बादल्या मला आठवल्या. "आणि बेटी," ते म्हणाले, "यकीन, म्हणजे खात्री, शंकेने जात नाही, हा फिकहचा कायदा आहे. रकाती किती झाल्या याची शंका आली तर कमी आकडा धर आणि शेवटी दोन सजदे जास्त कर, कपाळ दोनदा जास्त टेक. पण तुला तर सारखीच शंका येते. तू तिच्याकडे बघूच नकोस." डॉक्टर जे सांगत होते तेच हे. मी तिथेच रडले.

बल्खच्या, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या, अबू जैद अल-बल्खी या विद्वानांबद्दल मी नंतर वाचलं. इ.स. 934 मध्ये ते वारले. शरीर आणि मन दोन्हींच्या निगेवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि त्यात वसवशाला वेगळं प्रकरण दिलं. कारण असलेलं दुःख निराळं आणि कारणाशिवाय दाटून येणारं निराळं, दुसऱ्याला शरीराचाही इलाज लागतो, असं त्यांनी तेव्हा मांडलं. आणि आज मला कुणी सांगतं, "ईमान कमजोर म्हणून असं होतं." अरे, पैगंबर याकूब अलैहिस्सलाम मुलासाठी रडून रडून डोळ्यांनी गेले, हे कुराणातच आहे. त्यांचं ईमान कमजोर होतं का?

बरं व्हायला दीड वर्ष लागलं. एका रमजानमध्ये औषधांमुळे रोजे ठेवता आले नाहीत. आजाऱ्याने ते पुढे भरून काढावेत, अशी सवलत कुराणातल्या सूरह बकरामध्येच आहे. तरी दुपारी पाणी पिताना मी दार लावून घेत होते.

आता तुमचा प्रश्न. नमाजेने शांत वाटतं का? रोज नाही. काही दिवस सजद्यातही भाजीवाल्याचा हिशोब चालतो. पण पाच वेळा हातातलं काम खाली ठेवावं लागतं, कपाळ जमिनीला टेकतं, आणि तेवढा वेळ सगळं माझ्या एकटीवर नसतं. पाच वेळच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, रकाती सतरा, त्या झाल्या की झाल्या. आणखी किती केलं म्हणजे पुरे, हे मला ठरवायचं नसतं. आजारात मी नेमकं हेच विसरले होते.

परवा एका बाईंचा फोन आला. त्यांची मुलगी, बारावीतली, फजरला न्हाणीघरात जाते ती शाळेची वेळ टळली तरी बाहेर येत नाही. "आपा, कोणती दुआ पढू?" त्यांनी विचारलं. मी सांगितली. मग विचारलं, "तिच्या हातांना चिरा पडल्यात का?" पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मंगळवारी पहिल्या एसटीने आम्ही तिघी डॉक्टरांकडे जाणार आहोत.