फाटलेला पडदा

दुपारपासून एक पडदा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

सायप्रसचे बिशप एपिफॅनियस यांचं इ.स. ३९४ मधलं पत्र मी वाचत होते. ते पॅलेस्टाईनमधल्या अनाब्लाथा गावी चर्चमध्ये शिरले. दारावर पडदा, रंगवलेला, भरतकाम केलेला, त्यावर माणसाचं चित्र. शास्त्राविरुद्ध म्हणून त्यांनी तो तिथेच फाडला. एखाद्या गरिबाच्या प्रेतावर घाला म्हणाले.

राखणदार कुरकुरले, फाडलात तर दुसरा आणून द्या!

त्यांनी दिलाही. पण चित्र ख्रिस्ताचं होतं की एखाद्या संताचं, ते म्हणे नीट आठवत नाही. स्वतःच लिहिलंय.

पुढे ७८७ मध्ये निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने सांगितलं, प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो.

तो पडदा ज्यांनी भरला, त्यांना हे आधीच ठाऊक नसेल का?