लहान कप

मंगळवार, रात्री दहा.

आज डायलिसिसला बसण्यापूर्वी ह्यांचे वजन कोरड्या वजनापेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, साडेतीन किलोंनी जास्त भरले. दोन खेपांच्या मधे प्यालेले बहुतेक पाणी अंगातच साठते आणि यंत्र ते चार तासांत ओढून काढते, तेव्हा रक्तदाब उतरतो, पायांत गोळे येतात, हे सारे ठाऊक असल्यामुळेच काट्यावरचा आकडा दिसताच मी सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हते?" ह्यांनी काहीच उत्तर दिले नाही. चारही तास तोंडावर चादर ओढून पडून राहिले.

दोन वर्षे मी बाटलीवर खुणा करून पाणी मोजते आहे. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात भरलेला तांब्या सापडला, तेव्हा मला फसवणूक झाल्यासारखे वाटले. जेम्स कॉइन, कॅमिल वॉर्टमन आणि डॅरिन लेहमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये अशा बिनसलेल्या मदतीविषयी लिहिले आहे: मदत करणारा रुग्णाच्या प्रकृतीवर स्वतःचे यशापयश तोलू लागतो, आकडा बिघडला की रागावतो, पहारा वाढवतो, मग रुग्ण लपवू लागतो, आणि लपवल्याचे कळले की पहारा आणखी कडक होतो. वाचताना मी ह्यांना नव्हे, मलाच पाहत होते. पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभर कचेरीतल्या माणसांना कामाला लावणाऱ्या गृहस्थाला स्वतःच्या घरात चोरून पाणी प्यावे लागले, ते माझ्यामुळे.

त्यात माझी गंमत अशी, की पाण्यावर नजर ठेवणारी मीच "एवढे तरी खाऊ दे" म्हणून ह्यांच्या ताटात पापड वाढत होते. मिठाने रक्तातला सोडियम वाढतो आणि तहान भडकते. खारट खाऊ घालून पाणी मोजणे म्हणजे स्वतःच चूल पेटवून धुराबद्दल कुरकुरणे. (बाजारातले कमी सोडियमचे मीठ घ्यावे असेही मनात आले होते, पण त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि ते ह्यांना घातक, आहारतज्ज्ञांनी वेळीच अडवले.)

संध्याकाळी वजनाची वही ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आजपासून तुम्हीच लिहा. मी विचारणार नाही, पण काही हवे असेल तर सांगा." ह्यांनी बराच वेळ पाने उलटली. मग म्हणाले, "चहाला लहान कप काढ. मोठ्या कपात अर्धा चहा बघवत नाही."

माळ्यावर जुना संच आहे. उद्या सकाळी काढायचा.