आमचे सल्लागार करतात तरी काय?

दर वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या छायाचित्र महोत्सवाची पत्रिका घरोघरी गेली की निदान चार-पाच जण तरी मला हा प्रश्न विचारतात. फोटो निवडायला तुम्ही मंडळी आहात, टांगायला गल्लीतली मुले आहेत, पैसे वर्गणीतून येतात. मग पत्रिकेच्या खाली ज्या सात जणांची नावे छापलेली असतात, ते सल्लागार करतात तरी काय? विचारणाऱ्यांच्या मनात काय असते ते मला ठाऊक आहे. वडोदऱ्यात, विशेषतः दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांत वाढलेल्या मराठी माणसाला ‘सल्लागार’ हा शब्द प्रथम भेटतो तो गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकावर. तिथे डाव्या बाजूला उभ्या रांगेत छापलेल्या पंधरा-वीस नावांपैकी निम्मी माणसे आरतीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ घेतात, आणि उरलेल्यांना आपले नाव छापले गेल्याचे पावती हातात आल्यावरच कळत असल्याने ती संकोचून थोडी जास्त वर्गणी देतात. आमच्या पहिल्या पत्रिकेवरही अशीच अकरा नावे होती, आणि त्यांपैकी दोघांना आम्ही विचारलेदेखील नव्हते.

महोत्सव सुरू करण्यामागे मोठा विचार वगैरे नव्हता. ढाक्याच्या ‘छबी मेळा’ या छायाचित्र महोत्सवात छायाचित्रे सायकल-रिक्षांवर लावून शहरभर फिरवतात, हे आमच्यापैकी एकाच्या वाचनात आले, आणि रिक्षाच्या जागी आपली भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, का चालणार नाही, एवढ्यावरून बोलणे निघाले. शिवाय आपले शहर या बाबतीत काही उपरे नाही, हा अभिमान होताच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले. १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली, आणि तिथल्या ज्योती भट्ट यांनी चित्रकलेइतक्याच निष्ठेने कॅमेरा हाती धरून खेड्यापाड्यांतल्या भिंती, अंगणे आणि त्यांवर चित्रे काढणाऱ्या बायका यांची अनेक वर्षे नोंद केली. हे सगळे आमच्या घरांपासून सायकलने पंधरा मिनिटांच्या अंतरावर घडत होते आणि आमच्या पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीतल्या, बहुतेकांनी त्यातले एकही छायाचित्र पाहिले नव्हते. माझी स्वतःची गोष्ट तर अधिक लाजिरवाणी आहे. होमाई व्यारावाला, म्हणजे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, १९७० साली व्यवसाय सोडल्यानंतर पुढे वडोदऱ्यात येऊन राहिल्या आणि १५ जानेवारी २०१२ रोजी इथेच वारल्या. त्या याच शहरात राहतात हे मी वर्तमानपत्रांत वाचले होते, कधीतरी जाऊन भेटावे असे अनेकदा मनात आले होते, आणि मी एकदाही गेलो नाही. आपल्या आजूबाजूच्या जाणत्या माणसाला वेळीच विचारावे ही बुद्धी मला बहुधा त्या हुकलेल्या भेटीनेच दिली असावी, तरी ती लगेच आली असे मात्र म्हणता येणार नाही.

पहिले खरे सल्लागार आम्ही नेमले नाहीत. ते आपण होऊन रागावत आले. मांडवीजवळ देवांच्या आणि दिवंगतांच्या तसबिरी मढवणारे एक काका आहेत. आम्ही सगळे फोटो सनबोर्डावर चिकटवून घेतले, तेव्हा ते काम त्यांना न देता छपाईवाल्याला दिल्याचा त्यांना राग होता, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांचे म्हणणे वेगळेच होते. दुपारच्या उन्हात सनबोर्ड पापडासारखा वाकेल, असे त्यांनी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता तो वाकला. पुढच्या वर्षी आम्ही काचेच्या चौकटी कराव्यात असे ठरवले, तर ते म्हणाले की समोरच्या घराची खिडकी आणि तारेवर वाळत टाकलेली धोतरेच काचेत दिसतील, फोटो कोणाला दिसणार नाही. मग उंचीचा विषय निघाला. कलादालनांत छायाचित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवण्याची रीत आहे, आणि आम्ही ती मोठ्या तोऱ्याने त्यांना सांगितली. काकांनी विचारले, “पोळीत फोटो बघणार कोण? ओट्यावर बसलेल्या आज्या आणि शाळेतून येणारी पोरे. मग डोळे कोणाचे धरायचे?” तेव्हापासून आमची छायाचित्रे रीतीपेक्षा हातभर खाली असतात, आणि बाहेरगावचे छायाचित्रकार ती वाकून पाहताना किंचित नाराज होतात.

तारखांचेही असेच झाले. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने जानेवारीचा दुसरा आठवडा सुचवला होता, कारण उत्तरायणासाठी, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांसाठी, सगळ्यांचे पाहुणे गावात आलेले असतात. एका निवृत्त शिक्षिकेने हे ऐकून एवढेच म्हटले की १४ आणि १५ तारखेला अख्खे शहर गच्चीवर उभे राहून आभाळाकडे बघत असते, तुमच्या भिंतीकडे कोण बघणार. आणि मांज्याने तुमच्या दोऱ्या कापल्या तर तक्रार कोणाकडे कराल? आम्ही डिसेंबरवर आलो. या बाईंचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, कारण माझ्या उत्तराचा गाभा त्यांच्याशी जोडलेला आहे.

तिसऱ्या वर्षी एका तरुण छायाचित्रकाराने आमच्याच पोळीतला एक फोटो दिला होता. पहाटेचा तिरपा उजेड, अंगणात भांडी घासायला बसलेली एक स्त्री, मोकळे सुटलेले केस आणि पितळेच्या घंगाळावर पडलेली उन्हाची रेघ. त्या वर्षीचा तो सर्वांत देखणा फोटो होता, याविषयी निवड समितीत दुमत नव्हते. त्याखाली ‘प्रसन्न सकाळ’ अशी ओळ लिहिण्याची कल्पना माझी होती. बैठकीत बाईंनी विचारले, “हिला विचारले आहे का?” मी सांगितले की फोटो रस्त्यावरून काढलेला आहे, त्यामुळे कायद्याची काही अडचण यायची नाही. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी केवळ इतिवृत्तात ‘संबंधित स्त्रीस विचारलेले नाही’ असे वाक्य लिहायला लावले, आणि ते लिहिले गेले याची वाचून खात्री करून घेतली.

फोटो त्या स्त्रीच्या घरापासून तीसेक पावलांवर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहिले तर तो कोणीतरी भिंतीकडे तोंड करून उलटा टांगलेला होता. फाडलेला नव्हता, खाली टाकलेला नव्हता. दोरीची गाठ सोडून, फोटो फिरवून, पुन्हा व्यवस्थित गाठ मारलेली होती. हे काम त्या स्त्रीच्या मुलाचे होते, असे नंतर समजले. मी आणि तो छायाचित्रकार त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी आम्हांला बसायला सांगितले, चहा दिला, आणि मग म्हणाल्या की फोटो काढल्याचे काही वाटले नाही, पण त्या आठवड्यात आमच्या घरात सुतक होते, माझी आई गेली होती, आणि तुम्ही त्याखाली प्रसन्न लिहिले आहे. त्यावर आम्हां दोघांनाही काही बोलता आले नाही. बाहेर आल्यावर त्या छायाचित्रकाराने मला विचारले की हे आपल्याला फोटोत का दिसले नाही. आणि खरे सांगायचे तर त्या मोकळ्या केसांत ते दिसतच होते, आम्ही उजेडाकडे बघत होतो.

त्या प्रसंगानंतर सल्लागारांना एक अधिकार लेखी देण्यात आला. ज्या फोटोत ओळखू येणारी व्यक्ती आहे, तो टांगण्यापूर्वी पोस्टकार्डाएवढ्या आकारात छापून त्या व्यक्तीला नेऊन द्यायचा, खालची ओळ वाचून दाखवायची, आणि हे झालेले नाही असे एका जरी सल्लागाराने म्हटले तरी तो फोटो लागत नाही. यासाठी तयारीत आठ-दहा दिवस अधिक जातात. काही चांगले फोटो गळतात, कारण माणूस सापडत नाही. मी स्वतः या नियमाच्या विरोधात होतो आणि आजही अर्धा आहे, कारण रस्त्यावरचे छायाचित्रण विचारून होत नाही आणि विचारल्यावर चेहरा पहिल्यासारखा राहत नाही. बाईंचे त्यावरचे उत्तर असे आहे की काढताना विचारू नका, लावताना विचारा. आणि या उत्तरात मला अजून तरी खोट सापडलेली नाही.

पण सल्लागारांचे सगळेच ‘नको’ आम्ही मानतो असे नाही. एका वर्षी तुंबलेल्या गटारात उतरलेल्या माणसाचा फोटो आला होता. त्या माणसाने स्वतः तो लावा म्हणून सांगितले होते. एका सल्लागारांचे मत मात्र असे पडले की हा फोटो पाहून पुढच्या वर्षी परवानग्या मिळायला त्रास होईल. ती शंका अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. तरीही आम्ही फोटो लावला, कारण फोटोतल्या माणसाच्या वतीने घातलेला नकार आणि वरच्या खुर्चीच्या धाकाने घातलेला नकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला पाळण्यासाठी सल्लागार असतात असे आम्ही ठरवून बसलो आहोत. त्या गृहस्थांनी राजीनामा दिला नाही, फक्त उद्‌घाटनाला आले नाहीत.

निवडीच्या बाबतीत आम्हांला शहाणे केले ते ललित कला विद्याशाखेत शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांनी. आम्ही फोटो संगणकावर एकामागून एक पाहत असू आणि प्रत्येकाला गुण देत असू. सरांनी सांगितले की गुण परीक्षेला देतात. फोटो जमिनीवर मांडून उभ्याने पाहायचे असतात. आता प्रत्येकाचे दहा-बारा फोटो लहान आकारात छापून सतरंजीवर पसरले जातात, नावांऐवजी मागे क्रमांक असतात, आणि सर हात मागे बांधून फेऱ्या मारतात. मध्येच वाकून ते एक फोटो उचलून खिशात घालतात. तो गेल्यावर उरलेल्यांची ओळ अचानक नीट लागते, आणि खिशात गेलेला फोटो हमखास असा असतो की ज्याच्यावर छायाचित्रकाराचा सर्वाधिक जीव असतो. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे फोटो आले तेव्हा क्रमांक असूनही सरांनी ते ओळखले, आणि ते चहाला म्हणून खाली निघून गेले. ते फोटो आम्ही नाकारले. सरांनी कारण कधी विचारले नाही.

हिशेबाचे काम एक निवृत्त लेखापाल पाहतात, आणि पावतीशिवाय चहाचेही पैसे देत नाहीत, यापेक्षा त्यात सांगण्यासारखे काही नाही. एका ग्रंथपाल बाईंचे मात्र सांगितले पाहिजे. महोत्सव संपल्यावर छापलेले फोटो आमच्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर पडून राहत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभे केले, आणि त्यात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत, हे त्यांनी आम्हांला सांगितले. आणि पुस्तके फिरली तर फोटो का फिरू नयेत, असे विचारून आपल्या घरातली एक पत्र्याची ट्रंक आणून ठेवली. त्या ट्रंकेत आज तीस फोटो, दोरी, चिमटे आणि एक वही असते. ती एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते आणि वहीत मुले लिहितात. त्यांतली निम्मी वाक्ये ‘फोटो छान आहेत’ अशी असतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सल्लागारांना आम्ही मानधन देत नाही. बैठकीला शेव-उसळ असते, आणि तिखट तर्री वेगळी ठेवावी हा त्यांचा एकमेव एकमुखी ठराव आहे. मुदत तीन वर्षांची असते आणि लगेच पुन्हा नेमणूक होत नाही, कारण आमच्याकडे एकदा बसलेल्या माणसाला ऊठ म्हणणे कोणाला जमत नाही. उद्‌घाटनाच्या वेळी त्यांच्यासाठी खुर्च्या मांडलेल्या नसतात. शिक्षिका बाईंची मुदत संपली तेव्हा त्यांनीच आपले नाव पत्रिकेवरून काढायला लावले, आणि त्यानंतरच्या बैठकीला नेहमीच्या वेळेच्या दहा मिनिटे आधी येऊन बसल्या.

त्यांच्या जागी, ज्यांच्या फोटोवरून आम्ही धडा घेतला, त्या स्त्रीलाच विचारावे असे सर्वांचे मत पडले, म्हणून मी पुन्हा एकदा त्यांच्या घरी गेलो. त्यांनी हसून नकार दिला. फोटोतले मला काही कळत नाही, म्हणाल्या. पण तुम्ही ज्या भिंतीवर दर वर्षी खिळे मारता ती आमची आहे, चुना सुटायला लागला आहे, तर तेवढे विचारत जा. तसबिरीवाल्या काकांनी जाऊन भिंत हाताने ठोकून पाहिली आणि त्या बरोबर सांगतात असा निर्वाळा दिला. या वर्षी तिथे खिळा नाही. वरच्या कठड्याच्या लाकडी खांबांना दोरी बांधून फोटो सोडले आहेत, आणि गाठी त्यांच्या मुलाने मारल्या आहेत.