एक्सचेंजला गेलेली पोरं आणि मीटरचे फोटो

गेली काही वर्षं मी शाळेतल्या एक्सचेंजचं काम बघते. म्हणजे चौदा ते सतरा वयाची पोरं दुसऱ्या देशातल्या पोरांच्या घरी दहा-बारा दिवस राहायला जातात, मग काही महिन्यांनी ती पोरं इकडे येऊन यांच्या घरी राहतात. विषय ठरलेला, पर्यावरणाला कमी त्रास देऊन कसं जगायचं. आणि दर वर्षी पालकांच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतंच की मॅडम, हे सगळं घरी बसून व्हिडिओ बघून शिकता येणार नाही का, त्यासाठी एवढं लांब कशाला? प्रश्न रास्त आहे, मीटिंगमध्ये दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी आमचं चुकलंच होतं. सकाळ-संध्याकाळ नुसती वर्कशॉप्स. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टं, कार्बन फूटप्रिंट, पोस्टर, प्रेझेंटेशन, सगळं झालं, आणि पोरांनी केलंही छान, ती हुशारच असतात. पण शेवटच्या दिवशी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि विचारलं की काय लक्षात राहिलं, तर एकानेही वर्कशॉपचं नाव काढलं नाही. एक मुलगी म्हणाली, "मी राहिले त्या घरात उरलेल्या जेवणाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. आमच्या घरी फक्त आईला माहीत असतं."

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेले नाही. कारण यात सगळंच आलं ना. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून, हॉटेलं आणि दुकानं मिळून उरलेलं. हा आकडा मी वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिलाय, पोरं वहीत उतरवून घेतात, संपलं. पण परक्या घरात पाहुणा म्हणून ताटात जास्त वाढून घेतलं आणि मग ते डब्यात भरून उद्याच्या तुमच्याच जेवणात परत आलं की ते वेगळ्याच पद्धतीने कळतं, तिथे कोणी रागवत नाही, कोणी लेक्चर देत नाही, नुसतं घडतं.

आंघोळीचंही तसंच. साध्या शॉवरमधून मिनिटाला नऊ-दहा लिटर पाणी जातं, म्हणजे दहा मिनिटं उभं राहिलं की शंभरेक लिटर. स्वतःच्या घरी कोणी दार वाजवलं तर पोरगं चिडतं, पण होस्ट फॅमिलीत तुमच्यामागे अजून तिघांना आंघोळ करायची असते आणि गरम पाण्याची टाकी एवढीशी. तिसऱ्या दिवशी सगळे आपोआप चार मिनिटांवर येतात. मला वाटतं टीनएजरसाठी ही पाहुणेपणाची लाज फार कामाची गोष्ट आहे, ती आईवडिलांसमोर नसते आणि शिक्षकांसमोर तर नसतेच.

आता एक गोष्ट मात्र मला आवर्जून सांगायची आहे. पोरं परत आली की पहिले काही दिवस एकच सूर असतो, ते लोक किती शिस्तीचे आणि आपण कसे बेफिकीर. हे मी तिथल्या तिथे थांबवते, कारण ते खरं नाही. जर्मनीत पोरं बघतात की रिकामी बाटली कोणी फेकत नाही, सगळे दुकानातल्या मशीनमध्ये नेऊन टाकतात. पण तिथे २००३ पासून एकदा वापरून फेकायच्या बाटलीवर डिपॉझिट आहे, २५ सेंट, बाटली परत दिली की परत मिळतात, आणि ती घ्यायची सोय जिथे तुम्ही रोज खरेदी करता तिथेच आहे. जपानमधल्या कामिकात्सु नावाच्या छोट्या गावाचं उदाहरणही मी देते, २००३ मध्ये त्यांनी शून्य कचऱ्याचा निर्धार जाहीर केला आणि तिथे लोक चाळीसहून जास्त प्रकारांत कचरा वेगळा करतात, ते सुद्धा स्वतः केंद्रावर नेऊन. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत, व्यवस्था तशी उभी केली, समजावून सांगत बसले, वर्षानुवर्षं. पोरांनी नुसतं कौतुक घेऊन न येता "हे चालतं कसं, पैसे कोण देतं, उचलतं कोण" हे विचारून आलं पाहिजे. आता जाण्याआधी आम्ही त्यांना हेच तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो.

आणि शिकणं एकाच बाजूने होत नाही हं. आमच्याकडे आलेला एक मुलगा सगळ्यात जास्त वेळ कुठे रमला तर त्याच्या होस्टच्या आजोबांजवळ, ते बिघडलेला पंखा उघडून बसले होते. त्याच्या घरी वस्तू बंद पडली की नवीन येते, उघडून बघतात हेच त्याला नवीन होतं. ज्या पोराच्या घरी हे रोज चालतं त्यालाही त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की अरे, आजोबा करतात ते बघण्यासारखं आहे.

विमानाचा प्रश्न राहिलाच. तो पोरंच विचारतात आणि विचारलाच पाहिजे, की कार्बन कमी करायला शिकायला आपण विमानाने चाललोय? जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानांचा वाटा साधारण अडीच टक्के आहे, ऐकायला कमी वाटतं, पण जगातले बहुतेक लोक वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत, म्हणजे तो भार थोड्याच लोकांचा आहे आणि त्यात आपण येतो. मी त्यांना गुळगुळीत उत्तर देत नाही. जिथे ट्रेनने जाता येतं तिथे ट्रेनच घ्यावी, युरोपमध्ये इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या शिक्षणासाठीच्या योजनेत शाळेतल्या मुलांनाही ट्रेन-बसने गेल्यास जादा मदत मिळते आणि प्रवासात जाणारे जास्तीचे दिवसही धरले जातात, हे मला फार आवडतं, कारण प्रवास हाही शिकण्यातच मोजला जातो. जिथे विमानाशिवाय इलाज नाही तिथे वर्षाला तीन छोट्या ट्रिप करण्यापेक्षा एकच मोठी करावी. आणि बाकीचं वर्ष ऑनलाइन. युरोपातल्या शाळा ई-ट्विनिंगवर, म्हणजे शाळांना ऑनलाइन जोडून देणाऱ्या उपक्रमात, २००५ पासून एकत्र प्रोजेक्ट करतायत, म्हणजे हे जमतं. ज्यांना खर्चामुळे जाता येत नाही त्या पोरांनाही यात पूर्ण जागा मिळते, नाहीतर हे सगळं ऐपत असणाऱ्यांचंच होऊन बसेल आणि मला ते मान्य नाही.

परत आल्यावर काय टिकतं? खरं सांगायचं तर तीन आठवड्यांत बरंचसं विरतं. शॉवर परत लांबतो. जिथे दोन्ही शाळांनी मिळून काहीतरी मोजायचं ठरवलं तिथेच टिकलेलं मी पाहिलंय. इको-स्कूल्स म्हणून १९९४ पासून चालणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे, त्याच्या सात पायऱ्यांतल्या पहिल्या दोन म्हणजे मुलांची समिती करा आणि आधी आपल्याच शाळेची पाहणी करा, किती लाइट उगाच चालू, किती पाणी गळतंय. घोषणा बऱ्याच नंतर येतात. आम्ही हाच क्रम घरासाठी घेतला. प्रत्येक जोडीने, म्हणजे पाहुणा आणि होस्ट, महिन्याच्या एक तारखेला आपापल्या घरच्या विजेच्या मीटरचा फोटो एकमेकांना पाठवायचा. बक्षीस नाही, नंबर नाही.

सगळ्या जोड्यांनी केलं असं नाही, निम्म्या दोन-तीन महिन्यांत थांबल्या. पण एक जोडी अजून पाठवतेय, एक्सचेंज संपून दीड वर्ष झालं, दोघंही आता आमच्या ग्रुपमध्ये नाहीत. मुलगी या आठवड्यात भेटली तेव्हा मोबाइल काढून दाखवलं. या महिन्यात तिच्या घरचे युनिट वाढले होते आणि तिने फोटोखाली कारण लिहिलं होतं, आजी आजारी आहे, रात्रभर खोलीत पंखा लागतो. त्याचं उत्तर आलं होतं, "आजी कशी आहे आता?"