केमेलबर्ग: सपाट म्हणतात ते खरं मानू नका

‘फ्लँडर्स म्हणजे पोळपाट, सायकल आपोआप पळते.’ बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ईपर शहरात जो तो हेच सांगतो. केमेल गावापर्यंत ते खरंही आहे, शेतातून मजेत जाल. पुढे केमेलबर्ग ही टेकडी. उंची १५६ मीटर, म्हणून हसू नका. ओसुअरीच्या (सैनिकांच्या अस्थी एकत्र पुरल्या आहेत ती जागा) बाजूचा चढ काही ठिकाणी २० टक्क्यांच्या वर आहे आणि सगळा दगडी फरसबंदीचा. पावसाची भुरभुर झाली की चाक जागच्या जागी फिरतं. मी उतरून सायकल ढकलली, बूट तरीही घसरत होते. त्याच दगडांवरून खाली तर अजिबात येऊ नका. २००७ च्या गेंट-वेवेल्गेम सायकल शर्यतीत या उतारावर भलेभले सायकलपटू आपटले होते. परतताना डांबरी रस्ता धरा.

एवढा खटाटोप कशाला? पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ब्रिटिश सैन्यातला भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग याच भागात जर्मन तोफा आवाजावरून हुडकायला बसला. वय २५, त्याच वर्षी नोबेल. मायक्रोफोन ओळीने अंतराअंतरावर ठेवायचे, आवाज कुठे आधी पोचला आणि कुठे नंतर, त्या फरकावरून तोफेची जागा काढायची. पण मायक्रोफोनची जागाच नकाशावर चुकली तर सगळं गणित पाण्यात. म्हणून हे काम मोजणीवाल्यांच्या हाती गेलं आणि १९१६ च्या सुरुवातीला प्रत्येक ब्रिटिश आर्मीला एकेक फील्ड सर्व्हे कंपनी, म्हणजे मोजणी आणि नकाशे करणारी लष्करी तुकडी, मिळाली.

तरी घोडं अडलंच होतं. हवेतून सुसाट येणाऱ्या गोळ्याच्या कडकडाटात तोफेचा खोल हुंकार बुडून जायचा. टकर नावाच्या कॉर्पोरलने पेटीच्या भोकावर प्लॅटिनमची बारीक तापलेली तार बसवली. हुंकाराच्या झोताने तार गार होते, विजेचा प्रवाह बदलतो. कडकडाटाला ती दाद देत नाही. झालं काम!

पश्चिमेचा वारा मात्र त्यांना शेवटपर्यंत छळत राहिला. समोरच्या तोफांचा आवाज तो वरच्या वर उचलून न्यायचा. जाताना हाच वारा तुमच्याही तोंडावर येतो, तेव्हा सकाळी लवकर निघा. माथ्यावर या सर्व्हे कंपन्यांची पाटी मला कुठे दिसली नाही, वाचून जा. ओसुअरीत पाच हजारांवर फ्रेंच सैनिक आहेत, तिथे थांबाच.

भाड्याने ई-बाइक घ्याच, पण ताबा घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. जुन्या ओरखड्याचे माझ्याकडून पन्नास युरो उकळले, पावतीही दिली नाही.